शिशाच्या कढईत भाजी

पप्पूभाऊ कढई घासून राहिले होते आणि इकडे माझे हातपाय थंड पडून राहिले होते.

पप्पूभाऊ म्हणजे आमच्या सेठचे साळे. गोदामाचे मॅनेजर. हा माणूस स्वतःचा चहाचा गिलास कधी धूत नाही, दुसऱ्यानं धुतलेला उचलते. तो उकिडवा बसून, बाह्या वर करून, राखेनं आणि लिंबाच्या सालीनं कढई घासते, हे पाहूनच मले वाटलं की काहीतरी उलटं होऊन राहिलं.

मी विचारलं, "भाऊ, हे कायले?"

"उद्या पूजा नाही का? आलू-वांग्याची भाजी यातच बनवू. बिछायतवाल्याच्या कढईचा किराया कोण देईल? तुझा बाप?"

माझ्या बापाचा इथं काही संबंध नव्हता, पण पप्पूभाऊच्या बोलण्यात तो रोज एकदा येतेच.

ती कढई कोणती, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कढईले काऊन भ्याली.

आमचं गोदाम हायवेवर आहे, सडक अर्जुनीच्या अलीकडे. समोरून नागपूर-रायपूरचे ट्रक जातात. आमच्याकडे जास्त करून नळाचं भंगार येते. जुन्या तोट्या, व्हॉल्व, एल्बो, पाण्याच्या लाईनचे तुकडे. ते वेगवेगळं करायचं, हे माझं काम. सॉर्टिंग म्हणतात. आधी चुंबक लावायचं. चिकटलं तर लोखंड, तिकडे फेका. नाही चिकटलं तर कानशीनं एक घासा मारायचा. आतून पिवळं निघालं तर पितळ, लालसर निघालं तर गनमेटल नाहीतर तांबं, पांढरं निघालं तर जस्त. वरून सगळ्या तोट्या चांदीसारख्या चमकतात, म्हणून चमक पाहून माल ठेवायचा नाही. मी सातवीपर्यंत शिकली, पण कानस माराले तेवढंही लागत नाही.

आणि एक येते शिसं. जुन्या काळच्या बीडच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मोठ्या पाइपा राहतात ना, त्यांच्या जोडात शिसं ओतलेलं राहते. ओळखायले सोपं. एवढासा तुकडा उचलला तरी मनगट खाली जाते. नखानं ओरखडा ओढला की चकाकते, मग थोड्या वेळात पुन्हा काळं. ते छन्नीनं काढायचं, कढईत टाकून वितळवायचं, वरची मळी पळीनं काढायची आणि खालचं साच्यात ओतून लाद्या करायच्या. लाद्या रायपूरच्या ट्रकात जातात.

त्याच कढईत.

हे काम देवकाबाई करते. वयानं माझ्या सासूएवढी आहे. आधी मी तिच्याच हाताखाली होती, पळी चालवत होती. मग सम्यक पोटात राहिला. दवाखान्यातल्या मॅडमनं विचारलं, काम काय करतेस. मी सांगितलं. मॅडमनं लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "शिशाच्या धुरात अजिबात जायचं नाही. हात धुतल्याशिवाय खायचं नाही. ते काही भांडंबिंडं घरी आणलंस तर बघ."

मी म्हटलं, "घासून, मॅडम?"

"घासून जात नाही ते. दिसत नाही, वास येत नाही. मोठ्या माणसाला हळूहळू खातं. लहान मुलाला लवकर. डोक्यावर जातं मुलाच्या, मग ते शिकत नाही, चिडचिड करतं, अंगात रक्त राहत नाही."

झालं. मी आधीच भित्री. त्या दिवसापासून मी शिशाच्या बाजूनं गेलीच नाही. रडून रडून सॉर्टिंग मागून घेतली, गेटजवळची, जिथं हायवेची हवा येते. सम्यक झाल्यावर तिथंच कडुनिंबाच्या फांदीले लुगड्याचा झोका बांधला. या रस्त्यावर दुसरं कोणतंच काम असं नाही की जिथं लेकरू घेऊन येऊ देतात. सेठनं येऊ दिलं, ते काही दयेनं नाही. लेकरू घरी राहिलं तर आई लवकर पळते, हे त्याले माहीत आहे.

आता सम्यक भात खायले लागला होता. जो दिसेल त्याच्यासमोर तोंड उघडते. गोदामातले सगळे त्याले आपल्या हातानं एक एक घास देतात, आणि हा सगळ्यांचा खाते. इतर बायांचीही लेकरं पूजेच्या दिवशी येतात, नवे कपडे घालून. म्हणून मी थंड पडली होती.

मी पप्पूभाऊले म्हटलं, "भाऊ, यात शिसं वितळते. यातली भाजी लेकरांच्या पोटात जाईल."

"दिसून राहिलं का कुठं शिसं? पाह्य, तोंड दिसते यात."

"ते दिसत नाही म्हणे. डॉक्टरीण मॅडम म्हणत होत्या..."

"लोखंडाची कढई आहे. लोखंडानं ताकत येते. हे नाही सांगितलं तुझ्या मॅडमनं?" असं म्हणून त्यांनी कढईत आपलं तोंड पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. कढईत तोंड पाहून खुश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग मी देवकाबाईकडे गेली. ती छन्नी घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, धापा टाकत. ती ऐकून घेऊन म्हणते, "काय व सुषमा, मी रोज त्याच कढईच्या डोक्यावर बसतो. मेलो का मी?"

"तुमचं पोट दुखते ना बाई रोज."

"पोट तर माझ्या नवऱ्याचंही दुखत होतं. तो कधी गोदामात आला होता?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. देवकाबाईचं पोट दुखते, मनगटात जोर राहत नाही, पळी हातातून सुटते. ती म्हणते कोणीतरी नजर लावली. तिच्याकडे पाहून नजर लावणारा कोण असेल, हे मले समजत नाही.

चार वाजता सेठ आले. पांढरे कपडे, पांढरा रुमाल, पांढरी गाडी. भंगाराच्या गोदामात हा माणूस पांढरं घालून येते, म्हणजे कोणत्याच वस्तूले हात लावायचा नाही हे घरूनच ठरवून निघते. मी समोर जाऊन उभी राहिली. म्हटलं, "सेठजी, कढई दुसरी आणा ना. शिशाची नको."

सेठ पप्पूभाऊकडे पाहून हसले. "सुना? इसको दूसरी कढई मंगता."

पप्पूभाऊ म्हणाले, "जिजाजी, यांच्यात प्रसाद खात नाहीत ना. म्हणून खोट काढून राहिली."

आता हे ऐका. आमच्या घरी बुद्धवंदना होते, पूजा होत नाही, हे गोदामात सगळ्यांले माहीत आहे. मी पूजेच्या दिवशी येते, झाडझूड करते, हार गाठते, भाजी-पुरी पण खाते. कधी कोणाले नाही म्हटलं नाही. पण जिथं माणसाले उत्तर सुचत नाही, तिथं त्याले लगेच आमची जात आठवते.

सेठ म्हणाले, "बाई, तू मत खा. जबरदस्ती नहीं है. लेकिन भगवान के काम में टांग मत अडा. समझी? और कल आना. जो पूजा में नहीं आता, उसका मुंह मैं साल भर नहीं देखता."

म्हणजे घरी राहायचाही रस्ता बंद. आणि राहिली असती तरी बाकीच्या लेकरांचं काय. मी "हो" म्हटलं. माझ्या तोंडून हो लवकर निघते.

रात्रभर काय विचार केला ते सांगत नाही, कारण त्यातून काहीच निघालं नाही. कढई चोरून न्यावी तर मले उचलतच नाही. दवाखान्यातल्या मॅडमले बोलवावं तर त्या कायले येतील. नवरा म्हणाला, "तू सम्यकले नको खाऊ देऊ, झालं." पुरुषांचं असं राहते. आपल्या दारातलं झाडलं की गाव साफ.

सकाळी गेली. सम्यकले घट्ट पाठीशी बांधून ठेवलं, झोक्यात टाकलंच नाही.

पूजा कशी राहते, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ही विश्वकर्माची पूजा. त्या दिवशी औजारांचं काम बंद. घण, छन्न्या, हातोड्या, कानशी, चुंबक, गॅस कटर, वजनकाटा, सगळं धुऊन-पुसून फोटोसमोर पोत्यावर मांडतात. हळद-कुंकू लावतात, फूल ठेवतात, नारळ फोडतात. एकदा औजार पूजेत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याले उचलायचं नाही. सेठ यात एवढे कडक की मागच्या पूजेले एक गिऱ्हाईक ट्रक भरून पितळ घेऊन आलं, बिचारं हात जोडत होतं, पण सेठनं काट्याले हात लावू दिला नाही. काटा पूजेत बसला होता. ट्रक परत गेला. जो माणूस आमच्या सुटीसाठी अर्धा तास सोडत नाही, त्यानं ट्रक सोडला.

हे मले आधी आठवायले पाहिजे होतं. आठवलं कधी, तर देवकाबाई औजारं मांडत होती तेव्हा.

ती एक एक छन्नी पुसून पोत्यावर ठेवत होती आणि पुटपुटत होती. "सगळ्यांची औजारं बसली. माझंच नाही."

मी म्हटलं, "तुमचं कोणतं बाई?"

"कढई. मी काय छन्नीवर पोट भरतो का? दरवर्षी कढई बसत होती माझी, या कोपऱ्यात. या वर्षी पप्पूले भाजी शिजवायची हाय तिच्यात."

ती रागानं नाही, रुसून बोलत होती. तिले शिशाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं औजार पूजेत बसलं नाही, एवढंच तिले लागलं होतं.

मी मागे पाहिलं. महाराज, म्हणजे स्वयंपाकी, विटांची चूल मांडून वांगे चिरत बसला होता. एका टोपल्यात टमाटर, चिंच भिजवून ठेवलेली. पप्पूभाऊ गेटवर पताका बांधून राहिले होते. सेठ अजून यायचे होते. कढई भिंतीले टेकवून उभी होती, चकचकीत.

कढई उचलत नाही, पण गोल आहे. कडेवर उभी करून ढकलली तर चाकासारखी चालते. मी पाठीवर सम्यक, आणि दोन्ही हातांनी कढई ढकलत आली. आवाज एवढा झाला की मले वाटलं आता सगळा हायवे वळून पाहते. देवकाबाईनं पाहिलं आणि दोन छन्न्या सरकवून जागा केली.

हळद-कुंकवाचं ताट तिथंच होतं. मी कधी औजाराले हळद लावली नव्हती. कुंकू अर्धं पोत्यावर सांडलं. पण लावलं. कढईच्या पोटाले हळदीची पाच बोटं, वर कुंकू, कडेवर झेंडूचं फूल. सम्यकनं पाठीवरून हात घालून ते फूल ओढलं, मी दुसरं ठेवलं. आणि पटकन जाऊन झाडू हातात घेतला, जशी सकाळपासून झाडतच होती.

सेठ आले. घाईत होते, पांढऱ्या कपड्यांवर पांढरं उपरणं. समोर सगळी औजारं लाल-पिवळी झालेली, त्यात काय आहे आणि काय नाही हे पाहायले त्यांनी औजारं कधी ओळखली पाहिजेत ना. आरती केली. नारळ फोडला. नारळाचं पाणी सगळ्या औजारांवर शिंपडलं, कढईवर पण. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले. त्या दिवशी मनापासून जोडले, कोणाले ते मले माहीत नाही.

मग महाराज उठला. "सेठ, कढई कहां है? तेल चढाना है."

पप्पूभाऊनं भिंतीकडे पाहिलं. मग पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणं केलं?"

मी झाडत राहिली.

"सुषमा, तू केलं ना हे? जिजाजी, पाहा. कालपासून हिच्या पोटात दुखून राहिलं. मी उचलतो कढई." असं म्हणून ते वाकले, आणि देवकाबाई मधात आली. तिच्यापेक्षा तिचा आवाजच मोठा आहे.

"हात नोको लावू गा पप्पू. पूजेतली हाय."

"मावशी, भाजी करायची आहे."

"भाजी तुझ्या टाळक्यात कर. दरवर्षी माझी कढई बसते. नारळाचं पाणी पडलं तिच्यावर, सेठच्या हातचं. आता उचलशील आणि वर्षभर काही झालं, तर कोण पाहील? कटर फुटला, कोणाचा हात गेला, तर मी सांगन सगळ्यांले, पप्पूनं पूजा मोडली म्हणून."

बाया पदर डोक्यावर घेऊन सेठकडे पाहून राहिल्या. सेठनं कढईकडे पाहिलं. हळदीची पाच बोटं स्पष्ट उमटली होती. त्यांनी मले विचारलं, "तूने लगाया?"

मी म्हटलं, "हो." तो माझा लवकर निघणारा हो.

"तुम लोग तो मानते नहीं."

"तुम्ही तर मानता ना, सेठजी."

हे मी कसं बोलली, मले अजून समजत नाही. बोलल्याबरोबर वाटलं, गेलं काम. पाठीवर सम्यक रडायले लागला, कदाचित माझ्या घामानं.

सेठच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की डोक्यात दोन गोष्टी भांडून राहिल्या आहेत, किराया आणि देव. मागच्या वर्षी ट्रक गेला तेव्हाही असाच चेहरा होता. मग पप्पूभाऊवर ओरडले, "देखता क्या है? जा, बिछायतवाले से गंज लेके आ. बडा वाला. और जूते उतार, पूजा में पहन के खडा है."

पप्पूभाऊ मोटरसायकल घेऊन गेले. आमच्याकडे बिछायतवाला म्हणजे लग्नात मांडव, गाद्या, भांडी किरायानं देणारा. त्याच्याकडून जरमनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, मोठा गंज आणला, मोटरसायकलवर मागे उलटा बांधून. पप्पूभाऊचं डोकं वर, त्यामागे गंज. सगळ्या बाया हसल्या. मी नाही हसली, मले तेव्हाही भेव वाटून राहिलं होतं.

जेवणं उशिरा झाली. भाजी चांगली होती, चिंच जरा जास्त पडली होती. सम्यकनं देवकाबाईच्या हातचं खाल्लं, महाराजच्या हातचं खाल्लं, आणि पप्पूभाऊच्या हातचं पण खाल्लं. त्याले माणसांची पारख नाही अजून.

माझं काम गेलं नाही. काऊन गेलं नाही, तेही ऐका. संध्याकाळी सेठचे दोन व्यापारी मित्र आले. त्यांनी पोत्यावरची कढई पाहून विचारलं, हे काय. सेठ छाती फुगवून म्हणाले, "हमारे यहां हर औजार की इज्जत है. कढई की भी पूजा करते हैं." मित्र मान हलवून राहिले होते. मी तिथंच खरकटं उचलत होती. सेठनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी सेठकडे पाहिलं नाही. कढई तेव्हापासून सेठच्या डोक्यातून निघालेली गोष्ट झाली, आणि स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीसाठी सेठ कोणाले काढत नाहीत.

शिशाचं म्हणाल तर काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी कढई पूजेतून उठली आणि देवकाबाई तिच्या डोक्यावर बसली. हळद जळाली, शिसं वितळलं. मी तिले म्हटलं, बाई, दवाखान्यात चला एकदा. ती म्हणते, या वर्षी माझं औजार पूजेत बसवणारी तूच एक निघाली, चालन कधी. अजून चालली नाही.

पण मी एक शिकली. या गोदामात डॉक्टरीण सांगते ते चालत नाही, बाई सांगते ते तर नाहीच, हळद-कुंकू सांगते ते चालते. काही दिवसांनी पप्पूभाऊ शिशाची पळी चहाच्या पातेल्यात घालून राहिले होते. मी काहीच बोलली नाही. दुसऱ्या सकाळी पळीच्या दांड्यावर कुंकवाचं बोट होतं. तेव्हापासून तिले चहाजवळ कोणी आणत नाही. साच्याजवळ एक तांब्या होता, कोणीही त्यानं पाणी पीत होतं, त्यालेही लावलं.

सासू परवा कानस बाहेर काढून माझ्या टिफिनची थैली धुवायले घेत होती. म्हणते, "काय व, आपल्या घरी हे कायले? थैलीत कुंकवाची पुडी?"

मी म्हटलं, "ड्युटीचं सामान आहे, आई. कानशीजवळ राहू द्या."